उसनी आत्या

"वाट, वाट! हात आखडू नकोस," म्हणत जिजीनं बर्फीची दुसरी परात माझ्या हातात दिली. "वरच्या आळीपास्नं सुरू कर. आन् सरपंचाच्या आईला दोन तुकडं जादा दे. लई हिणवायची मला, भोईट्यांच्या घरात पेढ्याबिगर काय येतच न्हाई म्हनून."

सकाळच्या एसटीच्या कंडक्टरनं स्टँडवर ओरडून निरोप दिला होता, "भोईट्यांची सून मोकळी झाली! बाळ-बाळंतीण सुखरूप!" एवढंच. बाळ म्हणजे मुलगा की मुलगी, हे त्यानं सांगितलं नाही आणि जिजीनंही विचारायला माणूस धाडला नाही. विचारण्यासारखं काही उरलंच नव्हतं. वाघजाईनं तीन वेळा उजवा कौल दिला होता. शालनवैनीला नऊ महिने गोड खावंसं वाटत होतं. शिवाय जिजीच्या स्वप्नात परकर नेसलेली पोर येऊन ताक मागून गेली होती. एवढ्या पुराव्यावर वैनीच्या नवऱ्यानं, पोपटदादानं, दोन दिवस आधीच तालुक्याहून बारा किलो बर्फी आणून ठेवली होती. मुलगा झाला की पेढे आणि मुलगी झाली की बर्फी, हे आमच्याकडं शेंबडं पोरही जाणतं. त्यामुळं दुपारपर्यंत साऱ्या गावाला कळलं, की भोईट्यांच्या घरी एकदाची मुलगी झाली.

तीन पिढ्या त्या घरात मुलगी जन्मली नव्हती. जिजीच्या सासऱ्याला बहीण नव्हती, नवऱ्याला नव्हती. जिजीला स्वतःला चार मुलगे आणि त्या चौघांना मिळून नऊ. गावाला त्याचा हेवा वाटायचा. पण ज्या घरात मुलगी नाही त्या घराची काय पंचाईत होते, ते बाहेरच्याला कळत नाही. भाऊबीजेला ओवाळणार कोण? लग्नात करवली कोण? गौरीला माहेरवाशीण म्हणून जेवायला बसणार कोण? आणि बारशाला बाळाच्या कानात नाव सांगायला आत्या आणायची कुठून? आत्या काही बाजारात मिळत नाही. ती शेजारून उसनी आणावी लागते.

ती उसनी आत्या म्हणजे मी.

आमचं घर भोईट्यांच्या घराला लागून, मधे परसातली कमरेएवढी भिंत. भिंतीच्या पलीकडं नऊ मुलगे आणि अलीकडं आम्ही पाच बहिणी. मी पाचवी. मी सात वर्षांची असताना एका भाऊबीजेला जिजीनं भिंतीवरून माझ्या आईला हाक मारली, "एक पोरगी दे गं तासाभरासाठी." आईनं हाताला लागली ती दिली. त्या दिवशी मी चार दांडग्या बाप्यांना ओवाळलं, नवं परकर-पोलकं मिळवलं आणि पोट दुखेपर्यंत करंज्या खाल्ल्या. त्या तासाभराची पुढं बारा वर्षं झाली. नऊपैकी सात पोरांची नावं मीच त्यांच्या कानात सांगितली. पोरं आत्या म्हणायची, म्हणून त्यांचे बापही आत्या म्हणू लागले, आणि शेवटी जिजीसुद्धा. ती सत्तरीची, मी एकोणीस वर्षांची, आणि ती मला म्हणायची, "आत्या, जरा पाठ चोळ गं."

आणि आता त्या घरात खरी मुलगी आली होती.

मी दारोदार बर्फी वाटत होते आणि माझे डोळे वाहत होते. सरपंचाची आई म्हणाली, "बघा, परकी असून किती आनंद झालाय हिला!" मी आणखीच रडले. मुलगी मोठी होईल, भाऊबीजेला तीच ओवाळील, भावांच्या पोरांची नावं तीच ठेवील. मला मग कोण बोलावणार? मी परत भिंतीच्या अलीकडं, पाचातली पाचवी.

खरं सांगायचं तर त्याहून वाईट गोष्ट मी आधीच करून बसले होते. सातव्या महिन्यात मी गुपचूप वाघजाईला नारळ बोलले होते. वैनीला मुलगा होऊ दे म्हणून.

आणि शालनवैनी तर माझी मैत्रीण. पोपटदादाची बायको, घरातली धाकटी सून. दोन मुलगे पदरात, पण मुलीसाठी जीव टाकायची. धाकट्याचं जावळ काढायच्या आधी तिनं त्याच्या दोन वेण्या घालून, फ्रॉक चढवून फोटो काढून घेतला होता. या खेपेला तिनं सात फ्रॉक शिवले. काजं मी केली. काजं करता करताच मनात नारळ बोलले.

नाव ठरवायला तर घरात सहा महिने भांडणं चालली होती. जिजीचे थोरले चिरंजीव आण्णा प्राथमिक शाळेत मास्तर, त्यांनी शेवटी 'हेमांगी' काढलं.

"म्हंजी काय रं?" जिजीनं विचारलं.

"सोन्यासारखं अंग असलेली."

"आन् काळी झाली तर?"

"आपल्यात गोरं कोण आहे, जिजी?" आण्णा म्हणाले, आणि नाव पक्कं झालं. जिजी रोज दळताना ते नाव घोकायची, आयत्या वेळी जीभ अडखळू नये म्हणून.

दिवस मावळायच्या सुमाराला पोपटदादा आला. सायकल भिंतीला टेकवली, टोपी काढली आणि उंबऱ्यावर बसला. परात रिकामी करून मी नुकतीच आले होते.

"कशी हाय हेमांगी?" जिजीनं विचारलं.

"जिजी," पोपटदादा जमिनीकडं बघत म्हणाला, "मुलगा झाला."

जिजी मटकन खाली बसली. "परत?"

"परत."

"नीट बघितलंस का?"

"दोन पोरांचा बाप हाय मी, जिजी. बघितलं की कळतं."

"मग सकाळीच का न्हाई सांगितलंस?"

"धीरच हुईना. नर्स म्हनली, अभिनंदन, पेढे काढा. मी म्हनलं, माफ करा."

घरात सुतक पडल्यासारखं झालं. आण्णांनी चष्मा काढून पुसला. सुनांनी चूल विझवली. आणि मला हसू फुटलं. मी पदर तोंडात कोंबला, आमच्या घरातून नारळ उचलला आणि सुसाट वाघजाईचं देऊळ गाठलं. नारळ फोडून हात जोडते तोच मागून जिजीचा आवाज आला. मला वाटलं, माझ्यावरच ओरडतेय. पण ती देवीवर ओरडत होती.

"तीनदा! तीनदा उजवा दिलास! एकदा तरी डावा द्यायचा हुतास, बर्फी तरी वाचली असती!" मग तिला मी दिसले. "तू काय करतीस हितं?"

"बाळंतीण सुखरूप सुटली म्हणून नारळ फोडला, जिजी."

जिजीनं नारळाच्या भकलांकडं बघितलं, माझ्या तोंडाकडं बघितलं, आणि पुन्हा देवीशी भांडायला लागली.

दुसऱ्या दिवशी मला गावभर फिरून सांगावं लागलं की मुलगी नव्हे, मुलगा झालाय. लोकांनी एकच विचारलं, "मग पेढे कधी?" जिजीनं निरोप धाडला, की पेढे नऊदा वाटून झालेत, आता दहाव्याचे मिळणार नाहीत. सरपंचाची आई म्हणाली, "ज्याला नको त्याला देव छप्पर फाडून देतो बघा," आणि दारात उभ्या असलेल्या माझ्या आईकडं मुद्दाम बघितलं.

तिसऱ्या दिवशी शालनवैनी घरी आली. येणारी प्रत्येक बाई म्हणायची, "तिसरा वाघ! नशीब काढलंस गं!" आणि वैनी ढसाढसा रडायची. बायांना वाटायचं, आनंदाश्रू. वैनी बाळाला पाजायची, न्हाऊ घालू द्यायची, पण त्याच्याकडं बघायची नाही. पाजताना भिंतीवरच्या कॅलेंडरकडं तोंड. सात फ्रॉक तिनं बांधून माळ्यावर टाकले होते.

बाळ मात्र खमकं होतं. काळंसावळं, डोईभर जावळ, आणि आवाज असा की आमच्या घरातली म्हैस दचकायची. त्याला घेऊन मी दिवसभर फिरायची, कारण माझं मन मला खात होतं. माझ्या एका नारळानं वैनीचं हसणं नेलं होतं, असं मला तेव्हा अगदी खरं वाटत होतं.

"वैनी, बघ तरी, तुझ्याकडं बघतोय," मी म्हणायची.

"बघू दे. मी बोलावलं नव्हतं त्याला," ती म्हणायची.

बाराव्या दिवशी बारसं. वैनी नको म्हणत होती. दोघांची झालीत तेवढी बारशी पुरे, म्हणाली. पण जिजी अडून बसली. "मला बी नात पायजे हुती. म्हनून नातवाला बिननावाचा ठेवू का?"

आळीतल्या बाया जमल्या. पाळणा टांगला, घुगऱ्या शिजल्या, वरवंट्याला कुंची घालून तो पाळण्याखालून वरून फिरवून झाला. माझी आई तिसऱ्या रांगेत बसली होती. मी नेहमीसारखी पाळण्याशी गेले. नाव सांगायला आत्या वाकली की बाकीच्या बायांनी तिच्या पाठीत धपाटे घालायचे असतात. त्यासाठी चारपाच जणी बाह्या सरसावून माझ्यामागं उभ्या होत्याच.

"वैनी, नाव काय?" मी हळूच विचारलं.

"काय बी ठेव."

"असं कसं, वैनी? आण्णांनी यादी दिलीय ना?"

"मला न्हाई वाचायची यादी." वैनी खालमानेनंच बोलली, पण सगळ्यांना ऐकू गेलं. "नकुसा ठेव. नको असताना आलं, की नाव नकुसाच ठेवत्यात ना?"

एक बाई फिसकन हसली आणि लगेच गप्प झाली. साऱ्या बाया माझ्याकडं बघायला लागल्या.

कारण नकुसा माझं नाव होतं.

पाचवी मुलगी झाली म्हणून ठेवलेलं. आमच्या भागात ठेवायचे तसं. मुली आता नकोशा झाल्यात हे देवाला कळावं आणि पुढच्या खेपेला त्यानं मुलगा द्यावा. देवाला काही कळलं नाही, माझ्यामागं कुणीच आलं नाही, आणि नाव तेवढं राहून गेलं. शाळेच्या हजेरीत तेच, रेशनकार्डावर तेच. भोईट्यांच्या घरात मात्र बारा वर्षांत कुणी मला त्या नावानं हाक मारली नव्हती, इतकं की वैनी विसरून गेली होती. आठवलं तसा तिचा हात तोंडावर गेला. "अगं आत्या... मी तुला न्हाई गं..."

तिसऱ्या रांगेत माझी आई ओटीतल्या घुगऱ्या चिवडत होती.

मला राग आला. वैनीचा आला, आईचा आला, सगळ्यांचा आला. पाळण्याची दोरी सोडून निघून जावं असं वाटलं. पण पाळण्यात ते पोर मूठ चोखत पडलं होतं, त्याला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. मलाही ठाऊक नव्हतंच की, बारा दिवसांची असताना. आणि मग माझ्या ध्यानात आलं, की माझ्यात आणि त्याच्यात एक मोठा फरक आहे. मला कुणीच मागितलं नव्हतं. त्याला मागितलेलं होतं.

"हा नकोसा न्हाई," मी मोठ्यानं म्हटलं. "याला मागून घेतलाय. मी. वाघजाईला नारळ बोलून."

बायांत एकदम कालवा झाला. वैनीनं मान वर केली. "तू? मुलगा मागितलास? माझ्या फ्रॉकांची काजं करत होतीस की गं!"

"काजं करतानाच मागितला," मी म्हटलं आणि मला रडू कोसळलं. "मुलगी झाली असती तर मला कोण बोलावणार होतं या घरात? भाऊबीजेला ती, बारशाला ती. मग मी कशाला?"

जिजी उठून उभी राहिली. कमरेवर हात. "म्हंजे माझा तीन येळचा उजवा कौल तू फिरवलास व्हय गं, भवाने?"

"एका नारळात?" सरपंचाच्या आईनं विचारलं. "मी तर पोरासाठी दोन बोकडं दिली हुती."

"चूक झाली, जिजी."

"चूक? वाक आधी! नाव ठेव!"

मी पाळण्यात डोकं घातलं. काय नाव ठेवायचं ते मला तोवर माहीत नव्हतं. त्याच्या कानाशी तोंड नेलं आणि जे मनात आलं ते सांगितलं. तेवढ्यात पाठीत पहिला धपाटा बसला. बाकीच्या बाया मान म्हणून हळू घालतात. हा जिजीचा होता.

"ह्यो कौलाचा!"

दुसरा बसला. "ह्यो बारा किलो बर्फीचा!"

तिसऱ्यासाठी मी पाठ घट्ट केली. पण तिसरा बसलाच नाही. जिजीचा हात नुसता पाठीवर येऊन थांबला. "आन् येडे, घरात पोरगी आली म्हनून कुनी आत्याला घालवून देतं व्हय गं?" ती म्हणाली. "देवळातच वळखलं हुतं मी तुझं सोंग. म्हनलं, बघू तरी कधी बोलतीय."

मी वर बघितलं तेव्हा वैनी पाळण्याशी आली होती. नाक ओढत तिनं विचारलं, "काय ठेवलंस?"

"हौसेराव."

"अगं, म्हाताऱ्याचं नाव हाय ते!"

"होईल की म्हातारा कधीतरी," मी म्हटलं.

वैनी हसली. रडतच हसली, आणि हसता हसता तिनं पहिल्यांदा त्या पोराकडं नीट बघितलं. मग उचलूनच घेतलं. "हौशा," ती त्याला म्हणाली, "तुझ्या आत्यानं मागून घेतलंय तुला. आता तुझी सगळी उस्तवार तिनंच करायची." त्या नावावरून हौसेराव आजही माझ्याशी भांडतो. पुण्यात तो एच. आर. भोईटे म्हणून वावरतो, एच. आर. म्हणजे काय ते कुणाला सांगत नाही, आणि कंपनीतलं नोकरभरतीचं खातं वाटून लोक त्याच्याकडं अर्ज घेऊन येतात.

मला वाटलं, झालं बारसं. बाया घुगऱ्यांच्या पाट्या उचलायला लागल्या. पण वैनी जागची हलली नाही.

"बसा की जरा," ती बायांना म्हणाली. मग माझ्याकडं वळली. "आत्या, सहा महिनं भांडून एक नाव ठरवलंय या घरानं. जिजीनं घोकून घोकून पाठ केलंय. त्ये काय आता माळ्यावर टाकू? त्ये तू घे."

"अगं वैनी, काहीतरीच काय! एवढ्या मोठ्या बाईचं कुठं बारसं करतात?"

"नाव बदलता येतं," दाराबाहेरून आण्णांचा आवाज आला. बायांच्या कार्यक्रमात यायचं नाही म्हणून ते ओसरीवर बसले होते, पण कान आत होते. "अर्ज लागतो. तो मी लिहितो."

माझ्या उत्तराची कुणी वाट बघितली नाही. वैनीनं बाळ जिजीकडं दिलं, माझा कान धरला, मला पाळण्याशेजारी खाली बसवलं आणि लहान बाळाला करतात तसं कानात कुर्र केलं. मग म्हणाली, "हेमांगी."

आता नाव सांगणारीच्या पाठीत धपाटा घालायचा असतो, हा रिवाज. तो मान माझा होता. मी घातला. बऱ्यापैकी जोरात घातला. वैनी कळवळली, पण म्हणाली, "बरं केलंस." तेवढ्यानं आमच्यातलं सगळं मिटलं.

माझी आई या गडबडीत कधी उठून गेली ते मला कळलं नाही.

त्या दिवशी मी भोईट्यांकडंच झोपले. सकाळी परसात हौशाची दुपटी पिळत होते, जिजी चुलवणाशी पाणी तापवत होती. भिंतीपलीकडून आईची रोजची हाक आली.

"नकुसा! ए नकुसा! शेण काढायचं राहिलंय!"

तोंडात 'ओ' आलाच होता. जिजीनं हातातली फुंकणी माझ्याकडं रोखून मला गप्प केलं. मग ती भिंतीशी गेली.

"कोन पायजे गं?"

"नकुसाला हाक मारतीय, जिजी. तिकडंच हाय न्हवं?"

"न्हाई बाई. हितं कुनी नकुसा न्हाई," जिजी म्हणाली. "हेमांगी हाय एक. ती पायजे आसंल तर तशी हाक मार."

पलीकडं म्हशीच्या गळ्यातली घंटा तेवढी वाजत होती. आई निघून गेली असं मला वाटलं. मी दुपटं पिळत राहिले, पिळून पिळून त्यात पाण्याचा थेंब राहिला नाही.

मग भिंतीपलीकडून अगदी हळू, नवीन चप्पल घालून चालावं तशी हाक आली.

"हेमांगी..."

जिजीनं माझ्याकडं बघून मान हलवली.

"ओ," मी म्हटलं, आणि भिंत ओलांडून शेण काढायला गेले.